पारदर्शक साबण खरोखर किती ‘पारदर्शक’?

थंडी सुरू झाली की सदाशिव पेठेतल्या औषधांच्या दुकानांत दोन वस्तूंची मागणी हमखास वाढते. एक व्हॅसलीन, दुसरा ग्लिसरीनचा साबण. पेरूगेटापासून टिळक रस्त्यापर्यंत कुठल्याही दुकानात काउंटरवर मधाच्या रंगाच्या, उजेडात धरल्या तर पलीकडचे बोट दिसेल अशा वड्या मांडलेल्या असतात. आता त्यांच्या शेजारी गुलाबाच्या पाकळ्या, केशराच्या काड्या किंवा कडुनिंबाचे पान आत गोठवलेल्या, घरी बनवलेल्या वड्याही दिसतात. विकत घेणाऱ्याची समजूत मात्र पन्नास वर्षांपूर्वी होती तीच आहे: आरपार दिसतो म्हणजे शुद्ध, आणि शुद्ध म्हणजे त्वचेला सौम्य.

ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे, त्याला कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाच्या साबणाच्या वडीवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करासह ५९ रुपयांना मिळणारी वडी या हिशेबाने साडेबावन्न रुपयांना मिळायला हवी. त्याआधी वर्षभर बाजार उलट दिशेने चालला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या पाम तेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केले आणि साबणाचे भाव चढले. मे २०२५ च्या अखेरीस ते शुल्क १० टक्क्यांवर आणले गेले. किमतीची ही चढउतार ग्राहकाला कळते. पण वडीत काय आहे, किती आहे आणि ते त्वचेचे काय करते, हे सहज कळत नाही. साबण स्वस्त झाला म्हणून ‘जरा चांगला’ घ्यावा असे ठरवणाऱ्याने आधी ‘चांगला’ म्हणजे काय हे पाहिलेले बरे.

ग्लिसरीन येते कुठून?

साबण आणि ग्लिसरीन ही एकाच भट्टीतली भावंडे. तेल किंवा चरबीचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या एका कण्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन साखळ्या. त्यावर कॉस्टिक सोड्याची क्रिया झाली की साखळ्या सुटतात, सोडियमशी जोडल्या जातात आणि साबण तयार होतो. मोकळा राहिलेला कणा म्हणजे ग्लिसरीन. पाम तेलाचा ढोबळ हिशेब असा: १०० किलो तेलाला साधारण १४ किलो सोडा लागतो आणि त्यातून सुमारे १०३ किलो साबण व ११ किलो ग्लिसरीन निघते.

म्हणजे मुळात प्रत्येक साबणात ग्लिसरीन असतेच. मोठे कारखाने मिठाचे पाणी घालून साबण वेगळा काढतात आणि खाली उरलेल्या पाण्यातून ग्लिसरीन मिळवून ते औषध, खाद्य व इतर उद्योगांना विकतात, कारण त्याला वेगळी किंमत येते. स्वीडनमधील रसायनज्ञ कार्ल शील याने १७७९ मध्ये ऑलिव्ह तेल आणि शिशाचे ऑक्साइड तापवून हा गोड, दाट द्रव प्रथम वेगळा केला. पुढे फ्रान्समधील शेव्रल याने साबण होताना नेमके काय घडते ते उलगडले आणि ‘गोड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ठेवले. नंतर याच द्रवापासून नायट्रोग्लिसरीन आणि त्यातून डायनामाइट बनले. तेव्हापासून ग्लिसरीन साबणाच्या कारखान्याचे केवळ उरलेसुरले राहिले नाही.

‘ग्लिसरीन साबण’ म्हणून जो विकला जातो त्यात हे ग्लिसरीन काढून न घेता ठेवलेले असते, किंवा बहुतेक वेळा बाहेरून वेगळे घातलेले असते. ते किती घातले आहे, हे मात्र पाकिटाच्या पुढच्या बाजूला क्वचितच लिहिलेले असते.

आरपार का दिसतो?

साधा साबण अपारदर्शक असतो तो मळामुळे नव्हे. साबण थंड होताना त्याचे बारीक तंतूसारखे स्फटिक तयार होतात. त्या स्फटिकांवर आदळून प्रकाश चहूकडे विखुरतो आणि वडी पांढरी, दुधाळ दिसते. बर्फाचा खडा आरपार दिसतो, पण त्याचाच चुरा पांढरा दिसतो, तसेच हे. स्फटिक वाढूच दिले नाहीत, किंवा प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान ठेवले, तर प्रकाश सरळ पलीकडे जातो आणि वडी पारदर्शक होते.

स्फटिक रोखण्याचे उपाय अनेक आहेत. अल्कोहोल, साखर, ग्लिसरीन, सॉर्बिटॉल, प्रोपिलिन ग्लायकॉल हे सगळे पदार्थ ते काम करतात. एरंडेल तेलही मदत करते. त्यातल्या रिसिनोलिक आम्लाची साखळी इतरांसारखी सरळ, नीट रचून बसत नाही. लंडनमध्ये केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्या अँड्र्यू पिअर्स याने १८०७ मध्ये जो साबण आणला, त्यात साबण अल्कोहोलमध्ये विरघळवून, गाळून, मग अल्कोहोल उडवून वड्या बरेच दिवस वाळवल्या जात. पुढे १९ व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी जाहिरातींनी या पारदर्शकतेचा संबंध शुद्धतेशी आणि थेट गोरेपणाशी जोडला. वसाहतींमध्ये साबणाबरोबर ही कल्पनाही विकली गेली. ‘स्वच्छ दिसतो म्हणून स्वच्छ करतो’ या समजुतीचे मूळ रसायनशास्त्रापेक्षा त्या जाहिरातींत अधिक सापडेल.

पुण्यात त्याच काळात साबणाबद्दल वेगळीच शंका होती. परदेशी साबणात जनावराची चरबी असते म्हणून अनेक घरांत तो आत येत नसे. शिकेकाई, बेसन, मसूर डाळीचे पीठ आणि उटणे यांवरच भागत असे. स्वदेशीच्या चळवळीनंतर अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत वनस्पती तेलापासून साबण केला, तेव्हा ही अडचण दूर झाली. प्रश्न तेव्हाही ‘वडीत आहे काय’ हाच होता. आज तो पुन्हा विचारावा लागतो, फक्त चरबीची जागा दुसऱ्या घटकांनी घेतली आहे.

यातून निघणारी पहिली गोष्ट सरळ आहे. पारदर्शकता हा शुद्धतेचा पुरावा नाही. उलट पारदर्शक वडीत साबणाखेरीजचे पदार्थ साध्या वडीपेक्षा जास्त असतात. ते घातल्याशिवाय ती पारदर्शक होतच नाही. आणि ते पदार्थ म्हणजे ग्लिसरीनच असेल असेही नाही. ग्लिसरीनपेक्षा साखर स्वस्त पडते.

त्वचेवर काय घडते?

त्वचेचा सर्वांत वरचा थर भिंतीसारखा समजावा. मृत पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधला सिरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्लांचा लेप म्हणजे चुना. आतले पाणी बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरचे जंतू व रसायने आत येऊ न देणे, हे या भिंतीचे काम. तिचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. सामू म्हणजे पीएच सुमारे ५ च्या आसपास.

साबण मात्र स्वभावतः अल्कधर्मी. पाण्यात विरघळला की त्याचा सामू ९ ते १० च्या घरात जातो. केरळमधील संशोधकांनी बाजारातले ६४ साबण तपासून २०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी’त निष्कर्ष मांडले. त्यांतील बहुतेकांचा सामू ९ ते १० याच पट्ट्यात होता. खऱ्या साबणापासून बनवलेली पारदर्शक वडी याला अपवाद नाही. ग्लिसरीन स्वतः उदासीन आहे, आम्ल नाही. ते साबणाचा अल्कधर्म कमी करू शकत नाही. निरोगी त्वचा आंघोळीनंतर काही तासांत आपला सामू पुन्हा जागेवर आणते. ज्यांची भिंत आधीच खचलेली आहे, त्यांना हे जड जाते.

मग ग्लिसरीनचा उपयोग काहीच नाही का? आहे, पण तो नेमका समजून घ्यायला हवा. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते आणि त्वचेत ते नैसर्गिकरीत्याही असते. पेशींच्या आवरणात ‘अ‍ॅक्वापोरिन-३’ नावाचे प्रथिन पाणी आणि ग्लिसरीन दोन्हींची ने-आण करते. हे प्रथिन नसलेल्या उंदरांची त्वचा कोरडी पडते आणि त्यांना ग्लिसरीन दिले की ती सुधारते, हे २००३ च्या सुमारास प्रयोगांतून दिसले. म्हणूनच चांगल्या मॉइश्चरायझरमध्ये ग्लिसरीन असते, आणि ते काम करते.

फरक आहे तो वेळेचा. मॉइश्चरायझर अंगावर तासन्‌तास राहते. साबण मिनिटभरात धुतला जातो. ग्लिसरीन पाण्यात सहज विरघळत असल्याने त्यातले बरेचसे मोरीतच जाते. पारदर्शक साबणाने अंग कमी ओढल्यासारखे वाटते त्याचे एक मोठे कारण वेगळे आहे: तेवढ्याच वजनाच्या वडीत प्रत्यक्ष साबण कमी असतो. सौम्यपणा येतो तो त्या विरळपणामुळे. मात्र फेस वाढावा म्हणून त्यात खोबरेल तेलाच्या लहान साखळ्यांचा साबण किंवा लॉरिल सल्फेटच्या कुळातला फेसकारी पदार्थ घातला असेल, तर तो फायदाही कमी होतो. हे घटक त्वचेतील प्रथिनांना अधिक चिकटतात आणि भिंतीतला चुना जास्त ओढून नेतात.

शुद्ध ग्लिसरीन तसेच अंगावर चोळणेही बरोबर नाही. हवा कोरडी असेल तर दाट ग्लिसरीन पाणी हवेतून न घेता त्वचेच्या आतल्या थरातून ओढते. जुन्या घरांत ग्लिसरीनमध्ये गुलाबपाणी मिसळून लावत, त्यामागचा अनुभव योग्यच होता.

पाणी कुठले, हेही महत्त्वाचे

साबणाचे वागणे पाण्यावर अवलंबून असते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने पाणी आणून शहरातल्या हौदांत सोडले गेले. आज पेठांना खडकवासला साखळीतल्या धरणांचे पाणी मिळते. दोन्ही पाणी पावसाचे, डोंगरावरून वाहून आलेले. शाळेच्या पुस्तकातल्या शब्दात ‘सुफेन’. त्यात साबणाचा फेस लवकर होतो आणि तो लवकर धुतलाही जातो.

पण पेठेतून सिंहगड रस्त्याच्या पुढे, किंवा वाघोलीच्या बाजूला राहायला गेलेल्या कुटुंबांचा अनुभव निराळा असतो. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की साबण त्यांच्याशी जोडला जाऊन न विरघळणारा साका बनतो. बादलीच्या काठावर आणि नळाच्या तोंडाशी जो पांढरट थर दिसतो, तसाच बारीक थर अंगावरही राहतो. फेस होत नाही म्हणून माणूस आणखी साबण घासतो, आणि कोरडेपणा वाढतो.

ब्रिटनमधील शेफिल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की दुष्फेन पाण्याने धुतल्यावर सोडियम लॉरिल सल्फेटचा अंश त्वचेवर अधिक राहतो आणि त्वचा अधिक चुरचुरते. इसब असलेल्यांना त्याचा त्रास विशेष होतो. दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच देशात इसब असलेल्या ३३६ मुलांच्या घरांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पाणी मृदू करणारे यंत्र बसवून मुलांच्या इसबात अधिकचा फरक पडला नाही. म्हणजे पाणी हा एक धागा आहे, संपूर्ण उत्तर नाही. हजारो रुपयांचे यंत्र घेण्याआधी साबण कमी करून पाहणे स्वस्तही आहे आणि शहाणपणाचेही.

पाकिटावर काय वाचायचे?

भारतीय मानक ब्युरोच्या मानकानुसार ‘टॉयलेट सोप’ची प्रतवारी टीएफएमवरून, म्हणजे वडीतील एकूण मेदद्रव्याच्या प्रमाणावरून ठरते. ७६ टक्के किंवा अधिक असेल तर पहिली प्रत, ७० टक्क्यांना दुसरी, ६० टक्क्यांना तिसरी. ‘बेदिंग बार’चे मानक वेगळे, तिथे किमान ४० टक्के पुरतात. पारदर्शक वडीत ग्लिसरीन, साखर आणि पाणी यांनी जागा व्यापलेली असल्याने तिचा टीएफएम साहजिकच कमी असतो.

इथे ग्राहकाची दोन्हीकडून दिशाभूल होते. टीएफएम जास्त म्हणजे त्वचेला चांगला, असे मानणारे अनेक आहेत. पण टीएफएम सांगतो तो वडीत साबण किती आणि भरताड किती एवढेच. सौम्यपणा तो मोजत नाही. दुसरीकडे कमी टीएफएमची पारदर्शक वडी लवकर झिजते. पावसाळ्यात तर साबणदाणीत ठेवलेल्या वडीवर दवासारखे थेंब जमतात. तो तिला सुटलेला ‘घाम’ खरे तर ग्लिसरीनने हवेतून ओढलेले पाणी असते. खराबी म्हणून तो साबण टाकून देण्याची गरज नाही, पण मऊ पडलेली वडी दुप्पट वेगाने संपते. त्यामुळे हिशेब वडीचा न करता आंघोळींचा करावा. जाळीच्या साबणदाणीत, पाणी निथळेल अशी ठेवलेली वडी जास्त टिकते.

घटकांची यादी हा अधिक खरा आरसा. नियमानुसार एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. ग्लिसरीन पहिल्या चार-पाच नावांत असेल तर नावाला जागणारा साबण. सुगंधाच्या आणि रंगाच्या जवळ, यादीच्या शेपटीला असेल तर ते केवळ पाकिटावरचे चित्र.

घरगुती वड्यांचा प्रश्न

सदाशिव पेठेत आणि आसपास भरणाऱ्या प्रदर्शनांत घरगुती ग्लिसरीन साबणांचे टेबल आता ठरलेले असते. यांतील अनेक वड्या तयार ‘बेस’ वितळवून, त्यात रंग, सुगंध आणि वनस्पती घालून साच्यात ओतलेल्या असतात. पद्धत सोपी आहे, कॉस्टिक सोडा हाताळावा लागत नाही, आणि त्यातून अनेक घरांना चार पैसे मिळतात. त्यात गैर काहीच नाही. प्रश्न आहे तो दाव्यांचा. ‘रसायनमुक्त’ असा साबण असू शकत नाही. साबण हेच एक रसायन आहे. बेसमध्ये प्रोपिलिन ग्लायकॉल किंवा सल्फेट असेल, तर ते वितळवणाऱ्यालाही कित्येकदा माहीत नसते. हळद, दालचिनी किंवा लिंबाचे तेल ‘नैसर्गिक’ असले तरी संवेदनशील त्वचेवर पुरळ उठवू शकते.

कायद्याची बाजूही बऱ्याच जणांना ठाऊक नसते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या व्याख्येतून साबण पूर्वी वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ती सूट गेली. त्यामुळे विक्रीसाठी साबण बनवायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो आणि वेष्टनावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक व घटक द्यावे लागतात. लहान उत्पादकाला ही प्रक्रिया झेपेल इतकी सोपी करणे आणि मग तिचा आग्रह धरणे, ही दोन्ही कामे प्रशासनाची आहेत. केवळ छापे टाकून हा उद्योग सुधारणार नाही, आणि दुर्लक्ष करून ग्राहक सुरक्षित राहणार नाही.

ग्लिसरीनच्या बाबतीत महाराष्ट्राने एक धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. जानेवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेल्या १४ रुग्णांचा मृत्यू झाला. औषधी दर्जाचे म्हणून आलेल्या त्या द्रवात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी कशी पोखरली होती ते उघड केले. त्याच विषाने २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधातून लहान मुलांचे बळी घेतले. त्यांतील अनेक मुलांवर नागपुरात उपचार सुरू होते. साबण गिळला जात नाही, त्यामुळे त्याची या घटनांशी बरोबरी करणे चूक ठरेल. पण साबणासाठी सुट्टे आणलेले औद्योगिक ग्लिसरीन त्याच घरात तोंड आल्यावर लावायला वापरले जाऊ नये, एवढी खबरदारी हवीच. तोंडात लावायच्या ग्लिसरीनच्या बाटलीवर औषधी दर्जा दाखवणारी ‘आयपी’ ही अक्षरे असायला हवीत.

सर्वांत जास्त कोणी जपायचे?

हा विषय केवळ सौंदर्याचा नाही. पेठेत ज्येष्ठ नागरिकांची संख्या मोठी आहे. मुले परगावी किंवा परदेशी आणि घरात दोघे, कधी एकटेच. साठीनंतर त्वचेतील तेलग्रंथी मंदावतात. पुण्याची हिवाळ्यातली हवा कोरडी, त्यात कडकडीत पाण्याची आंघोळ आणि रोज दोनदा अंगभर साबण. मग नडग्यांवर भेगा पडतात, रात्री खाज सुटते, झोप मोडते. मधुमेह असेल तर खाजवून पडलेल्या ओरखड्यातून जंतुसंसर्ग होतो आणि पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. साबण बदलून हे टळत नाही. सवय बदलून बऱ्याच अंशी टळते.

त्वचारोगतज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला साधा आहे. पाणी कोमट, आंघोळ पाच-दहा मिनिटांची. साबण काख, जांघ, तळपाय अशा गरज असलेल्या ठिकाणी. हातापायांना रोज लागतोच असे नाही. अंग टिपून, ते ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचे. ते महागडे नसले तरी चालते. साधे व्हॅसलीन किंवा ग्लिसरीनयुक्त क्रीम पुरते. इसब किंवा फार कोरडी त्वचा असेल तर खऱ्या साबणाऐवजी त्वचेच्या सामूला जवळ असलेला, ‘सिंडेट’ प्रकारचा साबणविरहित बार डॉक्टरांना विचारून घ्यावा. खाज महिनाभर थांबत नसेल तर साबण बदलत बसू नये, तपासणी करून घ्यावी. सततच्या खाजेमागे कधी मूत्रपिंड, यकृत किंवा थायरॉइडचे दुखणेही असते.

ज्याला पारदर्शक ग्लिसरीन साबण आवडतो, त्याने तो खुशाल वापरावा. निरोगी त्वचेला त्याने अपाय होत नाही, आणि काहींना तो साध्या साबणापेक्षा सुखावह वाटतोही. फक्त त्याच्याकडून औषधाची अपेक्षा करू नये. करकपातीने वाचलेले सहा-सात रुपये महागड्या वडीवर घालण्यापेक्षा मॉइश्चरायझरच्या डबीसाठी बाजूला ठेवले, तर या हिवाळ्यात त्वचेला त्यांचा उपयोग अधिक होईल.